डाव्या चाकाचा नट

वहिनी,

काल तुमच्या दिवसकार्याला आलेली माणसं संध्याकाळपर्यंत बसून होती. करंज्याहून तुमचे भाऊ-भावजया आल्या होत्या, आपल्या कोन गावची निम्मी आळी होती, पनवेलच्या मासळीबाजारातल्या तुमच्या जुन्या मैत्रिणीही आल्या. ज्याने त्याने तुमच्या हातच्या कोलंबीच्या कालवणापासून सुरुवात केली आणि मग तुमच्या स्वभावावर आला. सगळं खरंच होतं. पण मी ऐकत होतो आणि वाटत होतं की यातल्या एकालाही ठाऊक नाही, या बाईने नऊवारीचा काष्टा घट्ट करून, लोखंडी पाइपवर उभं राहून जीपच्या एक्सलचे नट सोडवलेत. मी तिथे ते बोललो नाही. बोललो असतो तर लोक हसले असते, आणि मला ते हसण्यावारी न्यायचं नव्हतं. म्हणून आज तुम्हालाच लिहितो आहे.

तुम्ही लग्न होऊन कोनला आलात तेव्हा मी कॉलेजात होतो. नंतर नोकरी बंदराकडच्या एका ऑफिसात लागली, बिऱ्हाड पनवेलला झालं, आणि आपलं नातं दाराच्या उंबऱ्यावरच राहिलं. मी यायचो, "दादा आहे का?" विचारायचो. तुम्ही "हाय, बसा" म्हणायचात आणि आत जायचात. निघताना "जेवून जा" आणि माझं "पुढच्या वेळी". सणावाराला फोन यायचा तो माझ्या बायकोला. मी उचलला तर तुम्ही म्हणायचात, "भावजी, तिला द्या जरा." दादा गेल्यावर तर तेही कमी झालं. तुम्हाला मूलबाळ नव्हतं, घरात तुम्ही एकट्या, पण मदत मागणं तुमच्या स्वभावात नव्हतं आणि न मागता करणं माझ्या लक्षात येत नव्हतं. आपण एकमेकांना तीसेक वर्षं ओळखत होतो आणि तरी ओळखत नव्हतो.

मग यंदा होळीनंतर एका सकाळी तुमचा फोन आला. मी सवयीने बायकोला हाक मारणार, एवढ्यात तुम्ही म्हणालात, "तिला नको. तुमच्याशीच बोलायचंय. मोठा पाना हाय का तुमच्याकडं?"

घरामागची जमिनीची पट्टी रस्त्याच्या कामात जाणार होती. त्या पट्टीवरच दादाची पत्र्याची शेड, आणि शेडमध्ये त्याची जुनी जीप. पावसाच्या आत जागा मोकळी करायची होती. एक भंगारवाला येऊन बघून गेला होता. त्याने धक्का मारून पाहिला तर मागची दोन्ही चाकं जाम. तो म्हणाला, जागेवरच गॅसने कापतो आणि तुकडे नेतो. तुम्ही त्याला पाणी दिलंत आणि वाटेला लावलंत.

मी आलो तेव्हा तुम्ही शेडच्या तोंडाशी पाटावर बसून होतात. म्हणालात, "ही गाडी आपल्या चाकांवर भायेर जाईल. तुकडे होऊन नाय जानार." मला त्या क्षणी एवढंच वाटलं की रविवार गेला.

त्या जीपचं तुम्हाला काय होतं हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. लष्कराच्या लिलावातून निघालेली ती गाडी दादाने घेतली होती, आणि तिच्यातून तो करंज्याच्या बंदरावर बर्फाच्या लाद्या पोचवायचा, येताना मासळीच्या टोपल्या आणायचा. तिथेच मासळीच्या लिलावाच्या गर्दीत त्याने तुम्हाला पाहिलं. आमच्या आईला तो म्हणाला होता की ती मुलगी भाव सोडत नाही, मला तीच पाहिजे. लग्नात तुम्ही त्याच जीपमधून आलात, मागे बर्फावर घालायचा भुसा तसाच होता. हे सगळं मला आठवत होतं. पण आठवणं वेगळं आणि गंजलेल्या चाकासमोर उकिडवं बसणं वेगळं.

मी सोबत आणलेला पाना त्या नटाला लागतच नव्हता. मग मी उरण रोडवरच्या नझीरभाईंना घेऊन आलो. नझीरभाई दादाच्या वयाचे, बरीच वर्षं आखातात ट्रकच्या वर्कशॉपमध्ये काढून आलेले. आता त्यांचं स्वतःचं गॅरेज आहे आणि दादाची ही जीप त्यांच्याच हाताखालून गेलेली. त्यांनी खाली बसून टॉर्च मारला आणि आम्हा दोघांना नीट समजावलं. ब्रेक आतून गंजून ड्रमला चिकटलेत, म्हणून चाक फिरत नाही. ड्रम काढायचा तर मधला मोठा एक्सलचा नट आधी सुटला पाहिजे. आणि तो सुटेपर्यंत चाक जाम आहे तेच बरं, नाहीतर पान्याबरोबर चाकच फिरत राहील. शिवाय सावध केलं की या गाडीला डाव्या चाकाचे बाहेरचे छोटे नट उलट्या आट्याचे आहेत, ते उलटे फिरवायचे. मधला मात्र दोन्हीकडे सरळच.

तुम्ही म्हणालात, "मंग बरोबर तुमच्या भावाचीच गाडी हाय. डावीकडं वल म्हनलं का उजवीकडं वलनार."

नझीरभाई हसले. मीही हसलो. दादावर आपण दोघं मिळून हसलो असं ते पहिल्यांदाच.

त्यानंतर दर रविवारी मी येत राहिलो. पहिला रविवार नटातून आरपार गेलेली पिन काढण्यात गेला. ती गंजून आतच तुटली होती, टोच्याने ठोकून ठोकून भुगा करून काढावी लागली. मग तारेच्या ब्रशने आटे घासायचे, तेल सोडायचं, हातोडीने नटाच्या चारी अंगांना हलके ठोके द्यायचे आणि परत तेल सोडायचं. मधले दिवस तेल सोडायचं काम तुमचं. सकाळी तुळशीला पाणी घातलं की तुम्ही शेडमध्ये जायचात आणि दोन्ही नटांना तेल घालायचात. तुमच्या शेजारणीने बायकोला फोन करून विचारलं होतं की वहिनी गाडीची पूजा करतात का.

पाइप तुमच्या भावाने करंज्याहून पाठवला, होडी ओढायच्या रहाटाचा. पान्याच्या दांड्यात तो घातला आणि लांबी दुप्पट झाली. नझीरभाईंनी सांगितलं होतं की सोडवायच्या आधी किंचित आवळून बघा, गंज आधी कुठूनतरी तुटायला हवा. उजव्या चाकाचं असं झालं की मी पाइपच्या टोकाला लोंबकळत होतो आणि काही होत नव्हतं. तुम्ही बाजूला उभ्या होतात. म्हणालात, सरका. आणि शेडच्या खांबाला एका हाताने धरून तुम्ही चक्क पाइपवर चढलात. तुमचं वजन ते काय. मी खालून धरलं. फटाका फुटावा तसा आवाज झाला, पाइप खाली गेला आणि तुम्ही गोणपाटाच्या ढिगावर बसल्यासारख्या पडलात. मला वाटलं पाना तुटला, किंवा तुमचं हाड. तुम्ही आधी नटाकडे बघितलंत. नट जेमतेम केसभर फिरला होता.

मग तुम्ही चहा केलात आणि पहिल्यांदा माझ्यासमोर बसून प्यायलात.

डाव्या चाकाने मात्र दाद दिली नाही. तेच तेल, तोच पाइप, तेच पाइपवर उभं राहणं. नझीरभाई नट सोडवायची हवेची गन घेऊन आले, ती नुसती फडफडली. तेल मुरायची वाट बघत बसायचं तेवढं उरलं, आणि त्या बसण्यातच तुम्ही बोललात. मी आटे घासत होतो. तुम्ही म्हणालात, "गाडी मीच बंद केली."

मला कळलं नाही. तुम्ही सांगितलंत की एका रात्री दादा करंज्याहून उशिरा आला, गाडीचा पुढचा कोपरा कुंपणाला घासलेला. तुम्ही विचारलंत तर काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही त्याला सांगितलंत की आता बस, चावी खाली ठेव. त्याने एक शब्द न बोलता चावी देवापुढे ठेवली. तुम्हाला वाटलं होतं भांडेल, आठवडाभर अबोला धरेल. त्याने काहीच केलं नाही. आणि त्यानंतर तो ओट्यावर बसून राहायला लागला, आधी बारीक झाला, मग आजारी पडला. "गाडी होती तवर मानूस होता," तुम्ही म्हणालात. "मी गाडी काढून घेतली, मंग काय राहिलं?"

एवढी वर्षं हे तुम्ही एकटीने उचललं होतं आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. मी ब्रश खाली ठेवला आणि मला माहीत होतं ते सांगितलं. दादाची नजर तेव्हा अधू झालीच होती. त्या रात्रीच्या आधीच पनवेलच्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे मीच त्याला नेलं होतं. बाहेर पायरीवर बसून तो म्हणाला होता, समोरच्या गाडीचे दिवे मला फुटल्यासारखे दिसतात, पिवळं पाणी सांडल्यासारखे, आणि रस्ता त्यातच जातो. डॉक्टरनेही गाडी चालवू नको म्हणून सांगितलं होतं. म्हणजे तुम्ही सांगितलं नसतं तरी गाडी थांबणारच होती.

मग म्हणालात, "तुमी मला बरं वाटावं म्हनून सांगता, भावजी."

मी शपथेवर सांगतो म्हटलं. तुम्ही उठून आत गेलात. तो वाद तिथेच राहिला. पुढचे कितीतरी रविवार आपण नट, तेल, ऊन, आंबे, सगळ्यावर बोललो, त्यावर नाही.

पाऊस जवळ आला तसा रस्त्यावाल्यांचा माणूस फेऱ्या मारायला लागला. नझीरभाई म्हणाले की आता गॅसने नट लाल केल्याशिवाय गत्यंतर नाही. एरवी त्यांनाही ते नको होतं, आतलं सील जळतं, पण दुसरा इलाज दिसत नव्हता. ते सिलिंडर घेऊनच आले होते. मीही त्यांच्या बाजूचा होतो. तुम्ही शेडच्या दारात उभ्या राहिलात. आवाज चढवला नाहीत.

"त्यांना एकदा आग दिलीय," तुम्ही म्हणालात. "आता त्यांच्या गाडीला नको."

नझीरभाईंनी नळी गुंडाळून ठेवली. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही, थेट तुम्हाला विचारलं, "मग भाभी, काय करायचं ते तुम्ही सांगा. गरमी तर पाहिजे."

तुम्ही विचारलंत की गरमच पाहिजे ना, आग नको ना. आणि घरात जाऊन चुलीवर मोठा हंडा चढवलात, लग्नाच्या पंगतीला भात शिजवतात तो. नझीरभाई म्हणाले, पाण्याने काय होणार, ते काय पातेलं आहे का. पण तांब्या त्यांनीच हातात घेतला. उकळतं पाणी नटावर, मग ठोके, मग तेल, मग परत पाणी. शेडमध्ये वाफच वाफ झाली. तेलाचा, गंजाचा आणि चुलीच्या धुराचा मिळून एक वास होता, तो माझ्या त्या शर्टाला अजून आहे. हंडा संपला, तुम्ही दुसरा ठेवलात. दुसरा अर्धा झाला तेव्हा नझीरभाई आणि मी पाइपला लागलो, तुम्ही वर चढलात, आणि या वेळी फटाका नाही, काही नाही. जुनं दार उघडावं तसा एक लांबलचक आवाज आला आणि पाइप आमच्या हातातून शांतपणे खाली गेला.

तुम्ही पाइपवरून उतरलात, नटाला हात लावलात, भाजला म्हणून पदराने धरलात आणि बोटांनी फिरवायला लागलात. तो तसा हाताने फिरेना, पण तुम्ही सोडला नाहीत.

तो कशाने सुटला यावर नंतर आपलं एकमत झालं नाही. तुम्ही म्हणायचात पाणी. मी म्हणायचो, एवढे दिवस मुरलेलं तेल. नझीरभाई म्हणायचे, तुम्ही दोघं काहीही बोला, पाइप नसता तर दिवाळी आली असती. तुम्ही शेवटच्या फोनवरसुद्धा मला सांगत होतात की पाण्यानेच. वहिनी, आज मी भांडत नाही, पण मानलेलंही नाही. तेल होतं.

पुढचं सोपं होतं, निदान नझीरभाईंना. त्यांनी ड्रम खेचून काढले, आतले ब्रेक सोडवले, नट परत हलके बसवले आणि चाकं फिरली. गाडी बाहेर काढायच्या दिवशी आळीतली सगळी माणसं ढकलायला आली. इंजिन बंद, ब्रेक काढलेले, शेडपासून रस्त्यापर्यंत उतार. नझीरभाई म्हणाले, स्टिअरिंग धरायला कुणीतरी पाहिजे, फक्त सरळ धरायचं. मी पुढे झालो. तुम्ही आधीच चढून बसला होतात. आयुष्यात कधी सायकलसुद्धा चालवली नव्हती तुम्ही. पदर खोचलात आणि म्हणालात, ढकला.

गाडी शेडमधून निघाली ती सुरुवातीला अगदी सावकाश, मग उतार लागला आणि ढकलणारे मागे राहिले. नझीरभाई ओरडत पळत होते. समोर रस्त्याच्या कामाची रेती पडली होती. तुम्ही स्टिअरिंग दोन्ही हातांनी पिरगाळलंत आणि गाडी रेतीच्या ढिगात नाकापर्यंत घातलीत. आम्ही धापा टाकत पोचलो तर तुमच्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत तुम्ही हसत होतात. "ब्रेक नाय म्हनून तुमीच सांगितलंत ना," म्हणालात.

माणसं रेती उपसायला लागली. तुम्ही उतरला नाहीत. मला खुणेने शेजारी बसवलंत. समोर एक्स्प्रेस वेवरचे कंटेनर चालले होते, आपण दोघं एका न चालणाऱ्या गाडीत बसून ते बघत होतो. मग तुम्ही विचारलंत, "डोल्यांचं खरं हाय?"

"खरं आहे," मी म्हटलं.

तुम्ही मान हलवलीत. या वेळी विश्वास ठेवलात, ते मला दिसलं. पण चेहरा हलका झाला नाही. थोड्या वेळाने म्हणालात, "मंग मला का नाय सांगितलं त्यांनी? तुमाला सांगितलं. मला नाय."

मी म्हणालो, पुरुष असं बोलत नाहीत. तुम्ही ते ऐकून घेतलंत, भाव न पटलेल्या गिऱ्हाइकाचं ऐकावं तसं. गाडी दोरीने ओढत नझीरभाईंच्या गॅरेजात गेली आणि तुम्ही रस्त्याच्या कडेला उभ्या राहून ती वळेपर्यंत बघत राहिलात.

तिथे इंजिनचं काम सुरू झालं होतं. तुम्ही अधूनमधून फोन करायचात, आता मलाच. किती झालं, कुठला भाग मिळाला, नझीरभाई वेळेवर जेवतात का. गाडी चालू झाली की करंज्याला न्यायची, तुमच्या भावाच्या अंगणात ठेवायची, हे ठरलं होतं. आणि मग त्या दुपारी तुम्ही जेवून आडव्या झालात आणि उठला नाहीत. डॉक्टर म्हणाले, काही कळलंही नसेल. शेजारीण सांगत होती, भांडी घासून पालथी घातली होती. मी पोचलो तेव्हा तुमच्या हाताकडे बघितलं. नखांच्या कडेला काळं अजून होतं. मी ते कुणाला पुसू दिलं नाही.

आज सकाळी मी गॅरेजात गेलो. कार्याला नझीरभाई आले होते, पण बाहेरच उभे राहून गेले होते, बोलणं झालं नव्हतं. त्यांनी खुर्ची दिली. मी त्यांना सहज तुमचा प्रश्न सांगितला, तुम्ही रेतीत बसून विचारलेला. त्यांनी हातातलं काम खाली ठेवलं. म्हणाले, भाभींनी मला विचारलं असतं तर.

गाडी बंद झाल्यावरही दादा त्यांच्याकडे यायचा, वहिनी. तुम्हाला बाजारात जातो सांगून रिक्षाने यायचा आणि तासभर स्टुलावर बसायचा. येणारे-जाणारे ड्रायव्हर विचारायचे, जीप कुठे? तो कधी डोळ्यांचं नाव काढायचा नाही. म्हणायचा, "मालकिणीने बंद केली. कुंपणाला जरा घासली तर रात्रभर झोपली नाही ती. म्हणाली, चावी ठेव." आणि हे सांगून झालं की सगळ्यांना चहा सांगायचा. एकाला सांगून भागायचं नाही, नवीन कुणी आला की परत सगळं पहिल्यापासून. नझीरभाई म्हणाले, तुमच्या भावाला मी इतका खूश त्या गाडीवर असतानाही पाहिला नव्हता. आजारी पडला तो नंतर, आणि त्याचं त्या गाडीशी काही नव्हतं.

मी तुम्हाला पटवत होतो की गाडी डोळ्यांमुळे थांबली, तुमच्यामुळे नाही, आणि मला वाटत होतं मी तुमचं ओझं उतरवतो आहे. दादाने तुम्हाला डोळ्यांचं सांगितलं नाही, कारण डोळ्यांमुळे थांबायचं त्याला नव्हतंच. डॉक्टरने सांगितलं, तरी तो गाडी काढत राहिला. तुम्ही म्हणालात, तेव्हा चावी ठेवली.

तुमचंच बरोबर होतं, वहिनी. गाडी तुम्हीच बंद केलीत. फक्त त्याला त्याचं दुःख नव्हतं.